आधी ऊब, मग अन्न : नव्याने घरी आलेल्या कासवाची निगा

दत्तक घेतलेले कासव घरी आले की पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे ‘हे खाते काय?’ प्रश्न रास्त आहे, पण क्रमाने तो दुसरा आहे. कासवाला आपल्या शरीराची ऊब स्वतः राखता येत नाही. त्याची भूक, त्याचे पचन, त्याची रोगप्रतिकारशक्ती हे सारे बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालते. खाल्लेल्या अन्नातील कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचण्यासाठी त्याला सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लागतात आणि शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर पडण्यासाठी पुरेसे पाणी लागते. यांपैकी एकाची जरी उणीव असली, तरी निवडून-पारखून दिलेल्या पाल्याचा त्याला पुरता उपयोग होत नाही. म्हणून या लेखात आहाराआधी घराचा विचार केला आहे. हा सारा विचार जमिनीवर राहणाऱ्या, जाडजूड पायांच्या कासवांचा आहे. बोटांमध्ये पडदा असलेल्या पाणकासवांची रीत पूर्णपणे निराळी असते.

आधी ओळख पटवावी

आपल्याकडे आलेले कासव नेमके कोणत्या प्रजातीचे आहे, हे सर्वांत आधी खात्रीने ठरवावे लागते. भूमध्य समुद्राच्या परिसरातील हर्मन आणि ग्रीक कासव, मध्य आशियातील कोरड्या प्रदेशातील रशियन कासव (यालाच हॉर्सफील्ड असेही म्हणतात), सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील सुल्काटा, आफ्रिकेच्याच गवताळ भागातील लेपर्ड आणि दक्षिण अमेरिकेतील रेड-फूटेड ही पाळीव कासवांमध्ये वारंवार आढळणारी नावे आहेत. यांपैकी एकाला मानवणारे घर दुसऱ्याला आजारी पाडू शकते. रशियन कासवाची वाढ साधारण २० सेंटीमीटरच्या आसपास थांबते. उलट तळहातावर मावणारे सुल्काटाचे पिल्लू मोठेपणी ४०-५० किलोंच्या घरात जाते, क्वचित त्याच्याही पुढे, आणि त्याला राहायला खोली पुरत नाही, अंगणच लागते. दत्तक देण्यासाठी ठेवलेल्या कासवांत सुल्काटांचा भरणा का असतो, याचे कारण बहुतांशी याच वाढीत आहे. त्यातच ही सर्व कासवे अर्धशतक किंवा त्याहूनही अधिक जगू शकतात. त्यामुळे आपल्यानंतर त्यांना कोण सांभाळणार, हा प्रश्न जड वाटला तरी पहिल्याच दिवशी विचारण्याजोगा आहे.

जमिनीवरच्या कासवांचे संपूर्ण कुळ साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट आहे आणि इंडियन स्टार कासव २०१९ पासून त्यातील सर्वांत कडक परिशिष्टात गेले आहे. भारतात तर हे कासव घरी बाळगणे हाच गुन्हा आहे. तेव्हा कासव ज्यांच्याकडून घेतो त्यांच्याकडे त्याची कायदेशीर कागदपत्रे आहेत का, हे तपासल्याशिवाय ते घरी आणू नये. कागदपत्रांबरोबरच आणखी काही माहिती मागून घ्यावी: आजवर काय खाल्ले, कोणत्या दिव्याखाली राहिले, तो दिवा शेवटचा कधी बदलला, वजन किती होते, हिवाळ्यात शीतनिद्रा घेतली का आणि इतर कासवांच्या सहवासात होते का. पुढे काही बिनसले, तर डॉक्टरांना या उत्तरांची सर्वाधिक मदत होते.

काचेची पेटी का नको

मत्स्यालयासारखी काचेची पेटी सहज मिळते, म्हणून अनेक कासवांचे पहिले घर तीच ठरते. माझ्या मते ती सर्वांत वाईट निवड आहे. पारदर्शक भिंत ही भिंत आहे, हे कासवाला उमगत नाही. पलीकडे जमीन दिसते, म्हणून ते तिकडे निघते, नाक काचेला लागते, पुढचे पाय खरवडत राहतात, मग ते काचेच्या कडेकडेने कोपऱ्यापर्यंत जाते, वळते आणि पुन्हा तेच सुरू करते. असे तासन्‌तास चालते. पाहणाऱ्याला ते ‘खेळते’ आहे असे वाटते, वास्तविक ते बाहेर पडण्याची वाट शोधत असते. शिवाय अशी पेटी लहान असल्यामुळे एकाच दिव्याने ती टोकापासून टोकापर्यंत सारखीच तापते आणि कासवाला थंडाव्याकडे सरकायला जागा उरत नाही. काही काळ काचेचीच पेटी वापरणे भाग पडले, तर निदान खालचा वीतभर भाग बाहेरून कागद लावून झाकून टाकावा.

प्रौढ कासवासाठी वरून उघडी, अपारदर्शक भिंतींची, लांब-रुंद लाकडी पेटी उत्तम ठरते. हर्मन किंवा रशियन यांसारख्या लहान प्रजातींच्या एका प्रौढ कासवालाही सुमारे अडीच मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद इतकी जागा हे किमान माप धरावे, कारण निसर्गात ही कासवे चारा शोधत दिवसभरात बरेच अंतर चालतात. भिंतीची उंची कासवाच्या लांबीच्या दुपटीहून अधिक असावी आणि कोपऱ्यांवर आडवी पट्टी मारावी. कोपऱ्यात दोन्ही बाजूंना पाय रोवून वर चढण्याची कासवांची हातोटी थक्क करणारी असते. चढताना ते पाठीवर उलटे पडले आणि नेमके दिव्याखालीच पडले, तर उष्माघाताने दगावू शकते. पिल्लांचा मात्र अपवाद करावा. उघड्या पेटीत हवा फार लवकर कोरडी होते, म्हणून पहिल्या एक-दोन वर्षांच्या पिल्लांसाठी वरून बहुतांशी बंद, पण हवा खेळती ठेवणारी पेटी अधिक हिताची असते.

ऊब आणि ऊन

पेटीच्या एका टोकाला वरून उष्णता देणारा दिवा टांगावा आणि दुसरे टोक तुलनेने थंड राहू द्यावे. दिव्याखाली, कासवाच्या पाठीच्या उंचीवर, सुमारे ३५ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला २२ ते २५ अंश असे तापमान बहुतेक प्रचलित प्रजातींना चालते. हे दोन आकडे दोन वेगवेगळ्या थर्मामीटरने मोजावेत. भिंतीवर वर चिकटवलेला एकच थर्मामीटर हवेचे तापमान सांगतो, कासवाच्या पाठीचे नव्हे. तापमानात असा उतार ठेवला की किती ऊब घ्यायची हे कासव स्वतः ठरवते: सकाळी दिव्याखाली पाय पसरून बसते, अंग तापले की चरायला निघते, पुन्हा येऊन बसते आणि दुपारी सावलीत शिरते. दिवे दिवसाचे सुमारे बारा तास चालू ठेवून रात्री पूर्ण अंधार करावा. खोली फार गार होत असेल किंवा कासव उष्ण प्रदेशातील प्रजातीचे असेल, तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून वापरता येतो. लाल-निळ्या ‘रात्रीच्या’ दिव्यांची गरज नसते.

पेटीखाली ठेवायचे उष्ण पट्टे आणि तापणारे कृत्रिम दगड टाळावेत. कासवाच्या दृष्टीने ऊब आकाशातून येते आणि जमीन उकरली की गारवा मिळतो. खालून उष्णता दिली, तर गारवा शोधत ते अधिकच खोल उकरत जाते आणि पोटाकडचे कवच भाजून घेते.

अतिनील किरणांबद्दल सर्वाधिक गैरसमज आढळतात, त्यामुळे येथे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. सूर्यप्रकाशातील यूव्हीबी हा भाग, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण, कासवाच्या त्वचेवर पडतात, तेव्हा त्वचेतील एका द्रव्यापासून ड३ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते. शरीर पुरेसे उबदार असेल तर हे पूर्वरूप ड३ जीवनसत्त्वात बदलते, पुढे यकृत आणि मूत्रपिंडात त्याला कार्यक्षम रूप मिळते आणि ते रूप आतड्यांना अन्नातील कॅल्शियम शोषून घ्यायला लावते. याचा अर्थ असा की कॅल्शियम, किरण आणि ऊब ही एकाच साखळीची तीन कडी आहेत. किरण मिळाले नाहीत, तर रक्तातील कॅल्शियमची पातळी टिकवण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढू लागते. कवच मऊ पडते, जबडा वाकडा होतो, पाय अंगाचा भार उचलेनासे होतात. हा आजार महिनोन्‌महिने चोरपावलांनी वाढतो, आणि कवच वाकडे झालेले दिसते तोवर झालेले नुकसान बहुधा कायमचे असते.

खिडकीतून येणारे ऊन यासाठी उपयोगाचे नाही, कारण साधी काच जवळजवळ सर्व यूव्हीबी अडवते. ज्या दिव्यावर फक्त उष्णतेसाठीचा दिवा असा उल्लेख आहे, तो कितीही प्रखर असला तरी हे किरण देत नाही. त्यासाठी यूव्हीबीची लांब नळी घ्यावी, तिच्यावर परावर्तक बसवावा आणि ती उष्णतेच्या दिव्याशेजारीच, निर्मात्याने सांगितलेल्या अंतरावर, वरून टांगावी, म्हणजे ऊब घेताना किरणही अंगावर पडतात. बाजूने लावलेल्या नळीचा प्रकाश थेट डोळ्यांत जाऊन इजा करतो. वरून येणाऱ्या प्रकाशापासून कासवाच्या भुवईचा उंचवटा डोळ्यांचे रक्षण करतो. दिवा आणि कासव यांच्यामध्ये प्लास्टिक किंवा काच नसावी, आणि बारीक जाळीही किरणांचा बराचसा भाग खाते. आणखी एक पेच असा की नळी डोळ्यांना पूर्वीइतकीच उजळ दिसत असतानाही तिच्यातील यूव्हीबी घटत जाते, म्हणून प्रकारानुसार सहा ते बारा महिन्यांनी ती बदलावी लागते. दत्तक कासवाबरोबर जुना दिवा ‘चालू स्थितीत’ मिळाला असेल, तर तो निकामी मानूनच नवा आणावा. अतिनील निर्देशांक मोजणारे उपकरण उसने मिळाले तर फारच बरे; ऊब घेण्याच्या जागी हा निर्देशांक साधारण ३ ते ५ असला, की उघड्यावर राहणाऱ्या प्रजातींची गरज भागते.

अर्थात खऱ्या उन्हाची सर कोणत्याही दिव्याला नाही. हवामान उबदार असेल तेव्हा कुंपण घातलेल्या जागेत, सावलीची सोय ठेवून, कासवाला रोज काही तास बाहेर सोडावे. मात्र काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पेटीसकट त्याला उन्हात कधीही ठेवू नये. आतील तापमान काही मिनिटांतच प्राणघातक होते. बाहेरची जागा करायची, तर कुंपण अपारदर्शक असावे आणि जमिनीत किमान ३० सेंटीमीटर पुरलेले असावे, कारण रशियन कासवासारख्या प्रजाती उकरण्यात तरबेज असतात. कुत्रे, उंदीर-घुशी आणि कावळे यांपासून संरक्षण म्हणून लहान कासवांच्या जागेवर वरूनही जाळी हवी. घरातला कुत्रा कितीही गुणी असला, तरी त्याला कासवाबरोबर एकटे सोडू नये. कासवांच्या कवचावरील दातांच्या खुणा बऱ्याचदा घरच्याच कुत्र्याच्या असतात.

पायाखालची माती आणि हवेतील दमटपणा

पेटीत दहा ते पंधरा सेंटीमीटर जाडीचा, उकरता येईल असा थर असावा. खत किंवा कीटकनाशक न घातलेली साधी माती आणि नारळाच्या काथ्याचा भुसा यांचे मिश्रण बहुतेक प्रजातींना मानवते. नुसती वाळू अन्नाबरोबर पोटात जाऊन आतडे तुंबवू शकते. देवदार-पाइनच्या भुश्यातील उग्र तेले श्वसनमार्गाला त्रास देतात. कासव नवे असून त्याच्या प्रकृतीबद्दल शंका असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे साधा कागद अंथरणे सोयीचे पडते, कारण विष्ठा आणि लघवी नीट पाहता येतात.

कासव म्हणजे कोरड्या वाळवंटातला प्राणी, त्याला ओल नकोच, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे आणि पिल्लांचे तिने बरेच नुकसान केले आहे. कोरड्या प्रदेशातील पिल्लेही बराचसा वेळ बिळात, झुडपांच्या मुळाशी किंवा गवताच्या जाळीत काढतात आणि तेथील हवा दमट असते. पाठीवरील प्रत्येक खवला मनोऱ्यासारखा वर उचलला जाण्याचा जो दोष पाळीव कासवांत दिसतो, त्याचे खापर पूर्वी केवळ प्रथिनांवर फोडले जाई. २००३ मध्ये ऑस्ट्रियातील संशोधकांनी सुल्काटाची पिल्ले वेगवेगळ्या दमटपणात आणि वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवून पाहिली, तेव्हा कवचाच्या आकारावर हवेतील दमटपणाचा परिणाम प्रथिनांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे आढळले. म्हणून मातीचा खालचा थर ओलसर आणि वरचा कोरडा ठेवावा, लपण्याच्या जागेत ओले मॉस किंवा ओली माती घालावी आणि हायग्रोमीटरवर (आर्द्रतामापकावर) लक्ष ठेवावे. रेड-फूटेड या दमट प्रदेशातील कासवाला याहूनही अधिक, सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत, आर्द्रता लागते. फक्त ओल आणि गारठा एकत्र येऊ देऊ नये. श्वसनाचे आजार तेथेच सुरू होतात.

लपायची जागा ही चैन नाही. ज्यात शिरून अंग वळवता येईल एवढे एक आडोशाचे घर थंड बाजूला असावे. सोबत म्हणून दुसरे कासव आणण्याचा मोह मात्र आवरावा. बहुतेक प्रजाती एकट्याच राहणाऱ्या आहेत. नर एकमेकांना धडका देतात, चावतात, उलटे पाडतात, आणि दोघेच ठेवल्यास दुबळे कासव दिसेल अशी भांडणे न होताही दबून राहते, खाणे सोडते. एकमेकांवर चढून बसणारी दोन कासवे पाहून ‘किती माया आहे’ असे म्हटले जाते, तेव्हा बहुधा त्यांतील एक कासव दिव्याखालची जागा बळकावत असते. घरात आधीपासून कासव असेल, तर नव्याला काही महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे. हर्पीस विषाणू आणि मायकोप्लाझ्मा जिवाणू यांची लागण झालेले कासव बाहेरून ठणठणीत दिसू शकते, आणि एका प्रजातीला फारसा त्रास न देणारा जंतू दुसऱ्या प्रजातीचा जीव घेऊ शकतो.

ताटलीत काय असावे

वर सांगितलेल्या बहुतेक प्रजाती शाकाहारी आहेत आणि त्यांचे अन्न मुख्यतः मोठ्या आतड्यात, जिवाणूंच्या मदतीने, आंबून पचते. हे काम अत्यंत मंद गतीने चालते. खाल्लेले अन्न बाहेर पडायला कित्येक दिवस, कधीकधी काही आठवडे लागतात. या जिवाणूंना लागतो तो भरपूर तंतू असलेला, कमी साखरेचा आणि कमी प्रथिनांचा चारा. म्हणजेच कासवाचे खरे अन्न भाजीच्या टोपलीपेक्षा रानातल्या तणांमध्ये अधिक सापडते. डँडेलियनची पाने आणि फुले, प्लँटेन (हे रानटी तण, केळे नव्हे), क्लोव्हर, रानटी मॅलो, जास्वंदीची पाने-फुले, तुतीची आणि द्राक्षवेलीची पाने, काटे काढलेले फड्या निवडुंगाचे दांडे हे सारे उत्तम. सुल्काटा आणि लेपर्ड यांचा निम्म्याहून अधिक आहार गवत आणि सुक्या चाऱ्याचा असावा. हर्मन, ग्रीक आणि रशियन कासवांना गवतापेक्षा रुंद पानांची तणे अधिक रुचतात.

तण रोज मिळत नसेल, तर पालेभाज्यांवर भागवता येते, पण त्यात तंतू कमी आणि पाणी अधिक असते, हे लक्षात ठेवून बारीक चिरलेले सुके गवत त्यात मिसळावे. फिकट रंगाचा, कुरकुरीत लेट्यूस पोट भरतो आणि पोषण जवळजवळ काहीच देत नाही. पालकात कॅल्शियम भरपूर असले, तरी त्यातील ऑक्झॅलेट ते जखडून ठेवते, म्हणून पालक क्वचितच द्यावा. कोबीवर्गातील पाने विषारी नाहीत, परंतु तीच ती रोज दिल्यास थायरॉइडच्या कामात अडथळा येऊ शकतो. एखादी भाजी ‘चालते’ की ‘चालत नाही’ अशा याद्या पाठ करण्यापेक्षा आठवड्याभरात आठ-दहा निरनिराळ्या वनस्पती पोटात जातील असे पाहणे अधिक शहाणपणाचे आहे, कारण मग कोणत्याही एका वनस्पतीचा दोष साचत नाही.

आहारातील कॅल्शियम फॉस्फरसच्या किमान दुप्पट असावे, असा सर्वमान्य दंडक आहे. तणांत आणि बहुतेक हिरव्या पानांत हे प्रमाण साधते. धान्य, कडधान्य, मांस आणि बहुतेक फळे यांत ते उलटे होते. वाढत्या पिल्लांच्या आणि अंडी घालणाऱ्या माद्यांच्या पाल्यावर आठवड्यातून काही वेळा चिमूटभर शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट भुरभुरावे आणि पेटीत समुद्रफेणाचा तुकडा ठेवावा. तो कुरतडल्याने कॅल्शियम मिळते आणि चोचही झिजते. ड३ जीवनसत्त्व असलेली पावडर मात्र हात राखून वापरावी, कारण तोंडावाटे ते गरजेपेक्षा अधिक गेले तर अपाय होतो, आणि योग्य किरण मिळत असतील तर त्याची फारशी गरजच उरत नाही.

फळांचा प्रश्न प्रत्येक नव्या पालकाला पडतो, कारण कासव गोड फळावर अक्षरशः धावत जाते. हर्मन, ग्रीक, रशियन, सुल्काटा यांच्या आतड्यातील जिवाणूंचा समतोल साखरेने बिघडतो, जुलाब होतात आणि जंतांना रान मोकळे मिळते. म्हणून त्यांना फळ जवळजवळ देऊच नये. रेड-फूटेड हे जंगलातील कासव मात्र निसर्गातही गळून पडलेली फळे, अळंबी आणि अधूनमधून किडे किंवा मृत प्राणी खाते, तेव्हा त्याच्या आहारात फळांना आणि थोड्या प्राणिज प्रथिनांना जागा आहे. प्रजाती आधी ओळखण्याचा आग्रह धरला, तो याचसाठी. कुत्र्या-मांजरांचे तयार अन्न, पाव, भात, दुधाचे पदार्थ हे शाकाहारी कासवांना पूर्ण वर्ज्य समजावे. जादा प्रथिनांनी वाढ बेसुमार वेगाने होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

कण्हेर, धोतरा, ऱ्होडोडेंड्रॉन, डॅफोडिल, लिली, डिफेनबाकिया आणि अॅव्होकॅडोची पाने कासवाच्या वाटेत येऊ देऊ नयेत. रोपवाटिकेतून आणलेली खाद्य वनस्पतीही लगेच देऊ नये. मुळांतून शोषलेले कीटकनाशक तिच्या पानांत काही काळ टिकून असते. कुंडी बदलून, नवी माती घालून, दोन-तीन महिन्यांनी आलेली नवी पालवी द्यावी. सकाळी दिवा लागून तासभर झाला, अंग तापले, की दिवसाचा पाला ठेवावा. साधारणपणे कासवाच्या कवचाएवढा ढीग, हे सुरुवातीचे माप मानून वजन पाहत ते कमी-जास्त करावे. पाला सपाट दगडी फरशीवर ठेवला, तर तोंडात माती जात नाही आणि चोच व नखेही घासली जातात.

पाणी

पेटीत सतत स्वच्छ पाण्याची उथळ थाळी असावी. कासव तिच्यात शिरून बसेल, पाणी पिईल आणि तिथेच घाण करील. त्यामुळे ती रोज धुवावी लागते. याशिवाय पिल्लांना रोज आणि प्रौढांना आठवड्यातून एक-दोनदा कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवावे. पाण्याची पातळी हनुवटीच्या खाली असावी. थोड्या वेळाने कासव मान लांब करून, तोंड पाण्यात बुडवून, घशाची हालचाल करीत पिऊ लागते आणि अनेकदा लघवी करते. या लघवीत पांढरा गोळा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही; ते युरेट, म्हणजे प्रथिनांच्या विघटनातून उरलेला टाकाऊ भाग असतो. तो मऊ, दह्याच्या सायीसारखा असावा. बोटांत चोळल्यावर वाळूसारखा खरखरीत लागला, तर शरीरात पाणी कमी पडत आहे असे समजावे, आणि दुर्लक्ष केल्यास त्याचाच पुढे मूत्राशयात खडा होतो. कासव पाळणाऱ्याला घरबसल्या करता येणारी याहून सोपी तपासणी नाही.

आंघोळीचे भांडे स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू देऊ नये आणि कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. कासवांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात, त्यांचा कासवाला काहीच त्रास होत नाही, लहान मुलांना मात्र होतो. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांची पाळण्यासाठी विक्री करण्यास बंदी आहे, ती याच कारणाने.

पहिले काही आठवडे

नव्या घरी आलेले कासव काही दिवस खात नाही, बहुतेक वेळ लपून राहते, हे स्वाभाविक आहे. अशा वेळी ताटलीतील पदार्थ बदलत बसण्याऐवजी दोन्ही टोकांचे तापमान पुन्हा मोजावे. न खाण्याचे कारण बहुधा तिथेच मिळते. रोज कोमट आंघोळ घालावी, पूर्वी ते जे खात असे तेच काही दिवस द्यावे आणि नवा चारा त्यात हळूहळू वाढवावा. पिवळ्या-लाल फुलांकडे कासवे चटकन आकृष्ट होतात, म्हणून पाल्यावर जास्वंदीच्या पाकळ्या ठेवून पाहाव्यात. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवण्यासाठी त्याला सारखे उचलू नये. कवच ही निर्जीव ढाल नाही. ते पाठीच्या कण्याला आणि बरगड्यांना जोडलेले जिवंत हाड आहे आणि त्यावरचा स्पर्शही कासवाला कळतो. त्याला छिद्र पाडणे, रंग देणे, चकाकीसाठी तेल चोळणे हे प्रकार पूर्णपणे टाळावेत.

दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, आंघोळीआधी, वजन करून वहीत लिहावे. प्रौढ कासवाचे वजन थोडेफार वर-खाली होते, पण सलग काही आठवडे ते घसरत राहिले किंवा पिल्लाचे वजन वाढेनासे झाले, तर बाहेरून काही दिसत नसतानाही डॉक्टरांकडे जावे. नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, सुजलेले किंवा मिटलेले डोळे आणि दाबल्यावर दबणारे कवच यांसाठी मात्र एक दिवसही थांबू नये. कासवाला मानवासारखे श्वासपटल नसते, त्यामुळे छातीतील कफ खोकून बाहेर टाकणे त्याला जमत नाही आणि साधी वाटणारी सर्दी न्यूमोनियावर जाते.

काही तक्रार नसली तरी पहिल्या महिन्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडून एक तपासणी आणि विष्ठेतील जंतांची चाचणी करून घ्यावी. जंतांवर औषध द्यायचे ठरले, तर एक गोष्ट आपण स्वतः विचारून घ्यावी: त्यात आयव्हरमेक्टिन नाही ना? कुत्रे आणि गुरे यांना सर्रास दिले जाणारे हे औषध कासवांसाठी विषासमान आहे, आणि ज्यांच्याकडे कासवे क्वचितच येतात त्यांच्या ध्यानातून हे निसटू शकते.

हर्मन, ग्रीक (यातील काही उपप्रकार वगळून) आणि रशियन कासवे निसर्गात हिवाळाभर शीतनिद्रा घेतात. सुल्काटा, लेपर्ड, रेड-फूटेड आणि स्टार घेत नाहीत आणि त्यांना थंडीत तसे ठेवले तर ती मरतात. घेणाऱ्या प्रजातींचे कासव असले, तरी घरी आल्यानंतरचा पहिला हिवाळा शीतनिद्रेविना, दिवे आणि चारा नेहमीप्रमाणे चालू ठेवून काढावा. शीतनिद्रेत शरीराचे तापमान सुमारे ५ अंशांवर येते, पचन थांबते आणि आधीचे अन्न पोटात राहिले असेल तर ते तेथेच कुजते; म्हणून त्याआधी काही आठवडे उपवास, रोजची आंघोळ आणि वैद्यकीय तपासणी हे सारे काटेकोरपणे करावे लागते. वर्षभराच्या वजनाच्या नोंदी हाताशी असल्या, की पुढच्या शरद ऋतूत डॉक्टरांशी बोलून त्याबद्दल निर्णय घेता येतो.